पाटीवरचं शून्य

पाण्याखाली पेन चालत नाही, चालते ती शिसपेन्सिल. पोस्टकार्डाहून थोडी मोठी पांढऱ्या प्लॅस्टिकची पाटी, तिला भोक पाडून दोरीने बांधलेली पेन्सिल, आणि हे सगळं लचांड बीसीडीला, म्हणजे अंगातल्या हवेच्या जाकिटाला, कडीने अडकवलेलं. दोरी अशासाठी की पेन्सिल सुटली तर वर जाते आणि पाटी सुटली तर खाली. दोघींच्या मागे एकाच वेळी जाता येत नाही. पहिल्या वर्षी मी तीन पाट्या समुद्राला दिल्या.

वर आलं की पाटीवरचं वहीत उतरवायचं आणि पाटी भांड्यांच्या पावडरीने घासून काढायची. शाळेतली पाटी थुंकी लावून पुसली जायची, ही त्याला दाद देत नाही.

लोक विचारतात, "खाली काय काय दिसतं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे निळंशार, काचेसारखं पाणी असतं आणि त्यात झुंडीने फिरणारे पिवळे मासे. आमचं पाणी हिरवं. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसतात, बडी, म्हणजे सोबत उतरलेला जोडीदार, दिसेलच असं नाही. भांगाच्या दिवसांत, अष्टमी-नवमीच्या आसपास, प्रवाह मंदावतो, गाळ बसतो आणि नजर सात-आठ मीटरपर्यंत जाते. तेव्हा आम्ही एकमेकांना असे फोन करतो की घरच्यांना वाटावं, कुणाला तरी मुलगी झाली. उधाणात मात्र खाली जाणं म्हणजे ताकात डोळे उघडणं.

त्यात रंगांची आणखी एक गंमत. लाल रंग वरच्या काही मीटरांतच विरून जातो. एकदा खडकावरच्या कालवाच्या धारेने बोट कापलं, तर रक्त हिरवट-काळं निघालं, आणि एक क्षण मला ते माझं वाटलंच नाही. त्यात पाण्यातून प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते. नवखा डाइव्हर वर येऊन माशाची लांबी सांगतो तेव्हा जुने डाइव्हर मनातल्या मनात पाव हिस्सा कापतात.

आमचा खडक सोळा मीटरवर आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, जिल्हाही नाही. नाव छापलं की दोन महिन्यांत नांगर पडायला लागतात. तसा तो कुणी मुद्दाम बघायला जावं असा नाहीच. दोन बाजूंनी ढासळलेला, मधे एक कपार, कपारीखाली वाळू. पर्यटक डाइव्हरला तिथे नेलं तर तो पैसे परत मागेल. मीही सुरुवातीला तिथे नाइलाजाने जात होतो, दूरचा प्रवास परवडत नव्हता म्हणून. पहिल्या वीसेक डाइव्हमध्ये मला तिथे काहीच दिसलं नाही. मग हळूहळू ती कपार ओळखीची झाली. डाव्या कोपऱ्यातली वाम कुठल्या भोकातून डोकं काढते, समुद्रफुलांचा गुच्छ कुठे आहे, प्रवाह कुठल्या बाजूने वळतो. ज्या दिवशी ती वाम भोकात नव्हती त्या दिवशी मला चुकल्यासारखं झालं. आता आठवतं तर माझ्या मोजण्याची सुरुवात त्या दिवशी झाली, पाटी हातात यायच्या बरीच आधी.

माणूस नुसता बघायला समुद्राखाली जाऊ लागला त्याला फार दिवस झालेले नाहीत. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी असा रेग्युलेटर जुळवला की श्वास ओढला की तेवढीच हवा मिळावी, आणि तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने. समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. सोळा मीटरवर तो अडीच पटीहून जास्त होतो, तरी छाती फुलते ती या छोट्याशा झडपेमुळे. त्याआधी खोल पाण्यात उतरणारा माणूस बहुधा पोटासाठी उतरायचा, मोती काढायला, शिंपले काढायला, बुडालेलं जहाज शोधायला. आम्ही हौसेने उतरणारे. आणि हौसेने उतरणाऱ्याकडून समुद्राला काही मिळू शकतं, हे लोकांच्या लक्षात यायला आणखी चाळीस-पन्नास वर्षं गेली.

अमेरिकेतल्या रीफ या संस्थेने १९९३ मध्ये हौशी डाइव्हरांकडून माशांच्या नोंदी घ्यायला सुरुवात केली. त्यांची पद्धत मला फार आवडते, कारण ती माणसाच्या मोजण्याच्या लायकीबद्दल प्रामाणिक आहे. अचूक आकडा मागतच नाहीत. एकच दिसला तर 'एक', दोन ते दहा म्हणजे 'थोडे', अकरा ते शंभर 'पुष्कळ', त्यापुढे 'भरपूर'. सोपं वाटतं ना? माझं आणि माझ्या बडीचं एकदा बोटीवर जोरदार वाजलं होतं, कपारीखाली तांबोशी सात होत्या की अकरा. सात म्हटलं तर 'थोडे', अकरा म्हटलं तर 'पुष्कळ'. ती म्हणत होती, चार माझ्या मागून गेल्या. मी म्हणत होतो, त्या आधीच्याच चार, फिरून आलेल्या. शेवटी दोघांनी आपापल्या पाटीवर आपापलं लिहिलं. नियमही तोच आहे.

रीफ चेक या दुसऱ्या संस्थेची पद्धत जास्त कडक. १९९७ च्या त्यांच्या पहिल्या पाहणीत ३१ देशांतली ३०० हून अधिक प्रवाळस्थळं मोजली गेली, तीही बरीचशी स्वयंसेवकांकडून. तिथे शंभर मीटरची टेप अंथरायची, त्यात वीस-वीस मीटरचे चार तुकडे, मधे पाच-पाच मीटर मोकळे. दर अर्ध्या मीटरवर टेपच्या बरोब्बर खाली काय आहे ते लिहायचं: जिवंत कठीण प्रवाळ, मेलेला, वाळू, स्पंज, दगड. असे १६० बिंदू. आमचा खडक एवढा लांब नाही, म्हणून आम्ही वीस मीटरचा एकच तुकडा, पण दर वेळी तोच तुकडा, त्याच दोन खुणांच्या मधला, मोजतो. आणि मासे मोजायच्या आधी टेप अंथरून पंधरा मिनिटं थांबायचं असतं, आपल्या गडबडीने पळालेले परत येईपर्यंत. या पंधरा मिनिटांबद्दल कुणीच बोलत नाही. थंडी वाजते, हवेचा काटा उतरत असतो, काही घडत नाही. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं, त्यामुळे कोमट वाटलेलं पाणीही दहाव्या मिनिटाला हाडांत शिरतं. समुद्रसंवर्धन म्हटलं की मला तरी पहिल्यांदा हीच पंधरा मिनिटं आठवतात.

तक्त्यात गोब्रा माशाचा रकाना असतो. तीस सेंटीमीटरहून मोठा गोब्रा. शेवंडीचा असतो. हे रकाने मुद्दाम ठेवलेत, कारण माणूस जे आधी पकडतो तेच आधी संपतं. पहिल्याच जागतिक पाहणीत या रकान्यांत ठिकठिकाणी शून्य आलं. आमच्याही, पुढे पुढे. नवीन स्वयंसेवकाला सगळ्यात अवघड जातं ते हे शून्य लिहिणं. तो रकाना मोकळाच सोडतो. विचारलं तर म्हणतो, दिसलाच नाही, काय लिहू? पण मोकळा रकाना वाचणाऱ्याला कळायचं कसं, की तू बघितलंस आणि नव्हता, की तू बघितलंच नाहीस?

या शून्याची किंमत मला पटली ती एका तारामाशाच्या गोष्टीने. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सूर्यफुलासारखा एक तारामासा असतो, वीस-चोवीस हातांचा, वाढला तर मीटरभर रुंद. २०१३ मध्ये तिथल्या डाइव्हरांना तो विचित्र अवस्थेत दिसायला लागला. अंगावर पांढरे डाग, हात गळून पडलेले, आणि काही दिवसांत जागेवर नुसता पांढरा चिकट थर. पुढे ९० टक्क्यांहून अधिक मेले, आणि २०२० मध्ये तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. तो अंगभर काटे असलेल्या समुद्री साळूंना खायचा. तो गेल्यावर साळूंनी केल्प या उंच समुद्री शेवाळाची जंगलंच्या जंगलं फस्त केली. आता हे '९० टक्के' कुणाच्या तुलनेत? आधी किती होते, हे कुणाला माहीत होतं? तो काही पकडायचा मासा नव्हता, बाजारात त्याची नोंद नव्हती. माहीत होतं ते बऱ्याच अंशी हौशी डाइव्हरांच्या हजारो पाट्यांमुळे. २००६ पासून ती माणसं थंडगार पाण्यात उतरून 'थोडे', 'पुष्कळ' लिहीत होती, आणि नंतरही उतरत राहिली आणि शून्य लिहीत राहिली. रोगाचा जंतू सापडायला २०२५ उजाडलं, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जिवाणू. कुणीतरी रटाळपणे मोजून ठेवलं होतं म्हणून निदान काय गेलं ते तरी कळलं.

रटाळ काम कुणाला नको असतं. उत्साही काम सगळ्यांना हवं असतं, आणि उत्साहाची मला भीती वाटते. १९७२ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ स्वयंसेवकांनी मोठ्या आनंदाने जुने टायर समुद्रात टाकले. सुमारे वीस लाख. कल्पना अशी की टायरांवर प्रवाळ वाढेल, मासे येतील, वर कचऱ्याचाही प्रश्न मिटेल. प्रवाळ काही धरलं नाही. बांधलेले पट्टे गंजून तुटले, टायर मोकळे झाले आणि वादळात जवळच्या खऱ्या प्रवाळावर आपटत राहिले. ते बाहेर काढण्याचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं, त्यात सैन्याचे डाइव्हरही लागले. तिथे कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

माझाही नव्हता. चौथ्या की पाचव्या मोजणीला मी साळू मोजत होतो, खाली डोकं, वर पाय, सगळं लक्ष पाटीवर. मागून काहीतरी फिनला, पायातल्या वल्ह्याला, लागल्यासारखं वाटलं. वळून बघतो तर समुद्रपंख्याची एक फांदी वाळूवर पडलेली. हा पंखा म्हणजे झाड नव्हे, प्रवाळाच्या जातीतली जनावरांची वसाहत, आणि हातभर पंखा वाढायला कित्येक वर्षं लागतात. त्या डाइव्हच्या नोंदीत 'नुकसान' असा एक रकाना आहे. त्यात मी 'ताजं, एक फांदी' असं लिहिलं आणि कारणाच्या जागी 'डाइव्हर' लिहिलं. कोणता डाइव्हर ते विचारायची सोय तक्त्यात नाही. बडीला दोन महिन्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "मला दिसलं होतं तेव्हाच." त्यानंतर वर्षभर मी पाटी हातात घेतली नाही. फक्त पाण्यात आडवं तरंगायला शिकलो. हवा किती, वजन किती, श्वास कधी. पूर्ण श्वास घेतला की शरीर वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. हात वापरायचे नाहीत. हे ज्याला जमत नाही त्याने समुद्र वाचवायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते ऐकून बरेच लोक नाराज होतात.

मग ते जाळं आलं.

नायलॉनचं, तंगुसाचं, बारीक डोळ्याचं. कुठून तरी तुटून वाहत आलं आणि आमच्या खडकाच्या उत्तर बाजूवर पांघरुणासारखं बसलं. हिरव्या पाण्यात तंगूस दिसत नाही. बडीच्या टँकची झडप त्यात अडकली तेव्हाच ते तिथे असल्याचं कळलं. ती हलली नाही. हे तिचं मोठेपण. अशा वेळी माणूस गर्रकन वळतो आणि जाळं अंगाभोवती गुंडाळून घेतो. ती स्थिर राहिली, मी मागून गेलो, दोन ठिकाणी कापलं. वर आल्यावर पाच मिनिटं आम्ही दोघंही फक्त बोटीच्या फळ्या बघत होतो.

अशा जाळ्याला भूतजाळं म्हणतात, कारण मालक नसताना ते पकडतच राहतं. खेकडा अडकतो, मरतो, त्याला खायला मासा येतो, तो अडकतो. जगात दरवर्षी ६ लाख ४० हजार टन मासेमारीचं साहित्य समुद्रात हरवतं असा आकडा जिथे तिथे दिसतो. तो २००९ मधल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका अहवालापाशी जाऊन पोचतो, आणि तो मोजून काढलेला नाही, ढोबळ अंदाजाने काढलेला आहे, असं पुढे अभ्यासकांनीच दाखवून दिलं. मी तो भाषणात वापरायचो. आता नाही वापरत. आमच्या खडकावरचं जाळं सुमारे नऊ मीटर गुणिले चार, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

आमची बोट चालवणाऱ्या तांडेल काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मुद्दाम कोणी टाकत नाही हो. जाळं म्हणजे पैसा असतो." ते खरंच आहे. मोठी बोट रात्री वरून जाते आणि लहान होडीचं जाळं घेऊन जाते. वारा फिरतो, जाळं खडकाला धरतं, ओढलं तर होडी उलटायची वेळ येते, मग कापून द्यावं लागतं. ज्याचं जाळं गेलं त्याचा हंगाम गेला. किनाऱ्यावर फलक घेऊन उभे राहणारे आमच्यातले काही जण त्याच माणसाला गुन्हेगार ठरवतात, तेव्हा मला त्यांच्याबरोबर उभं राहायला लाज वाटते.

ते काढायला आम्ही चार भांग घेतले. जाळं काढण्याचे नियम साधे आणि निष्ठुर आहेत. प्रवाह येतो त्या बाजूलाच राहायचं, म्हणजे सुटलेलं जाळं आपल्यावर येत नाही. सुरीपेक्षा कात्री बरी, जाड आणि बोथट टोकाची. एकाने कापायचं, दुसऱ्याने फक्त त्याच्याकडे बघायचं. कापलेला ढीग लिफ्ट बॅगला बांधून तिच्यात थोडीशीच हवा सोडायची. वर जाताना दाब कमी होतो तशी हवा फुगते, दहा मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट. म्हणून बॅग आधी रेंगाळते आणि मग सुटते. तिच्या दोरीत हात अडकला असेल तर ती माणसाला सोबत घेऊन जाते. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही हे आम्ही जपमाळेसारखं घोकलेलं, बॅगला त्याचं काय.

तिसऱ्या भांगाला आम्ही कपारीच्या वरच्या पट्ट्यापाशी पोचलो. मी कात्री घातली आणि बडीने माझा दंड धरला. तिने टॉर्चचा उजेड पाडला. जाळ्याच्या दोऱ्यांना काळ्या द्राक्षांचे घोस लटकत होते. माकुलाची अंडी. माकूल अंडी लटकवायला फांदी शोधतं, गवत शोधतं. इथे त्याला जाळं मिळालं होतं. काही अंडी विरळ होऊन पारदर्शक झाली होती, आणि त्यांतल्या एकात मुगाच्या दाण्याएवढं पिल्लू मला स्पष्ट दिसलं. दोन डोळे, आणि टॉर्चचा उजेड पडला तसा अंगाचा रंग बदलला. अजून जन्मायचं होतं आणि लपायला शिकलं होतं.

त्याच पट्ट्यात, दोन हातांवर, एक मेलेला केंड मासा अडकलेला होता.

पाण्याखाली चर्चा करता येत नाही. बडीने पाटीवर लिहिलं, 'सोडू?' मी लिहिलं, 'केंड?' तिने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग तिने पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी कापून मधला अंड्यांचा तुकडा तसाच ठेवला, त्याची लोंबती टोकं कापून घट्ट केली म्हणजे त्यात नवीन कुणी अडकणार नाही, आणि मी केंड सोडवून घेतला. बरोबर केलं का, माहीत नाही. पुढच्या भांगाला गेलो तेव्हा घोस रिकामे होते, कातडी पाण्यात हलत होती. पिल्लं बाहेर पडली की कुणी खाल्ली, हे रिकाम्या अंड्याकडे बघून मला सांगता येत नाही. तो तुकडा कापायला गेलो तर त्यावर केशरी स्पंज धरलेला. म्हणून तो अजून तिथेच आहे. पाटीच्या तळाशी दर वेळी एक ओळ त्याच्यासाठी असते: 'तुकडा: आहे. अडकलेले: ०.' तेवढं एक शून्य लिहिताना बरं वाटतं.

गोब्र्याचं शून्य मात्र तसंच. चार वर्षं झाली.

मागच्या महिन्यात बोटीवर वही उतरवून घेत होतो तेव्हा तांडेल काका शेजारी येऊन बसले. एरवी ते आमच्या वहीकडे कौतुकाने कमी आणि करमणुकीने जास्त बघतात. म्हणाले, "अगदी पहिलं पान दाखवा." दाखवलं. गोब्र्याच्या रकान्यात दोन होते तेव्हा. ते बघून हसले. "ही सुरुवात धरलीत होय तुम्ही?"

१९९५ मध्ये डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हाचा समुद्र हाच मूळ समुद्र धरते आणि पुढची घट तिथून मोजते. मी हे वाचलेलं होतं, दुसऱ्यांना ऐकवलेलंही होतं. पण आमच्या वहीचं पहिलं पानही त्यातलंच आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बडीने वही फिरवून पहिल्या पानाच्या आधीचं कोरं पान उघडलं. वर लिहिलं, 'आठवणीतून, मोजणी नाही.' मग विचारलं, "काका, तुम्ही पोरगे होतात तेव्हा या खडकावर गोब्रे किती?"

काका बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. एका हाताने सुकाण, दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर काहीतरी मोजत होती.

"चाळीस," ते म्हणाले. तिने पेन्सिल टेकवली.

"नको, थांबा. तीस लिहा. मोजले कुठे होते तेव्हा."